दोन कोर्स घेऊनही जिवाणू जात नाही, तेव्हा

प्रश्न : जठरात व्रण असल्याने केलेल्या एन्डोस्कोपीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आढळला. औषधांचे दोन कोर्स मी पूर्ण केले. पहिल्यात क्लॅरिथ्रोमायसिन होते, तर दुसऱ्यात लेव्होफ्लॉक्सासिन. तरीही श्वासाच्या तपासणीत जिवाणू दिसतोच आहे. आता काही उपाय उरला आहे का? की त्रास नसेल तर तसेच राहू द्यावे?

उत्तर : उपाय नक्कीच उरला आहे, आणि तसेच राहू देणे मात्र मला योग्य वाटत नाही. या जिवाणूमुळे व्रण पुन्हा होऊ शकतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच या संसर्गाचा समावेश निश्चित कर्करोगकारक घटकांत केला आहे.

आपण वापरलेली दोन्ही प्रतिजैविके अशी आहेत की, जिवाणूच्या जनुकात एखादा लहानसा बदल झाला तरी ती निष्प्रभ ठरतात. म्हणूनच एकदा अपयशी ठरलेले क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन पुन्हा देऊ नये, हा या उपचारातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. आपली जुनी प्रिस्क्रिप्शने पोटविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवा. इतर आजारांसाठी पूर्वी घेतलेली प्रतिजैविकेही आठवून सांगा, कारण हा प्रतिरोध (औषधाला दाद न देण्याची जिवाणूची क्षमता) अनेकदा त्यातूनच निर्माण झालेला असतो.

अशा वेळी बहुधा बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारे औषध असा चार औषधांचा १४ दिवसांचा उपचार निवडला जातो. टेट्रासायक्लिनला प्रतिरोध क्वचितच आढळतो. मेट्रोनिडाझोलला तो पुष्कळदा असतो, पण पुरेशी मात्रा, पूर्ण मुदत आणि बिस्मथची जोड यांमुळे त्यावर बऱ्याच अंशी मात करता येते. टेट्रासायक्लिनऐवजी डॉक्सिसायक्लिन सुचवले गेले, तर त्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला, कारण त्याचा परिणाम तितका खात्रीचा नसतो. हाही उपचार फसला, तर बायोप्सीतील (एन्डोस्कोपीत तपासणीसाठी काढलेल्या जठराच्या तुकड्यातील) जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून किंवा त्याची जनुकीय तपासणी करून कोणते औषध लागू पडेल हे पाहता येते. रिफाब्युटिनसारखे औषध त्यानंतरच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेले असते.

दिवसातून अनेकदा इतक्या गोळ्या घेणे खरोखरच जिकिरीचे असते, हे मी जाणतो. बिस्मथमुळे शौचाचा रंग काळा होतो, पण त्यात धोका नसतो; मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते आणि ते चालू असताना मद्य वर्ज्य करावे. त्रास असह्य झाला, तर स्वतःहून गोळ्या कमी न करता डॉक्टरांना कळवा, कारण अर्धवट उपचारातून उरलेला जिवाणू अधिक चिवट निघू शकतो.

जिवाणू गेल्याची खात्री मात्र घाईने करू नका. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि आम्ल कमी करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचातील अँटिजेनची (जिवाणूच्या अंशांची) तपासणी करावी. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी यासाठी उपयोगाची नाही, कारण जिवाणू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह येत राहते.