गुलमोहराखाली मावळा बसेल का? मुलांच्या पुस्तकांविषयी वाचकांचे प्रश्न

इतिहास, निसर्ग आणि कल्पना यांत रमवणारी पुस्तकं मुलांना कशी द्यावीत, याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यांपैकी पाच प्रश्न घेतले आहेत. पत्रं लांब होती, इथे थोडक्यात देतो.

मुलगी सहा वर्षांची आहे. शिवाजी महाराजांचं चित्रांचं पुस्तक वाचताना तिने विचारलं, "तेव्हा आजी केवढी होती?" काळच कळत नसेल तर इतिहास इतक्यात द्यावा का? आणि पुस्तक घेताना काय बघावं? (एक आई, सांगली)

जरूर द्या. तिचा प्रश्न चांगला आहे. तिच्या ओळखीची सगळ्यांत जुनी गोष्ट म्हणजे आजी, आणि ती त्याच मापाने मोजते आहे. तिच्या हातात थोडं मोठं माप द्यायचं, एवढंच.

दहा मीटर सुतळी आणा. लोकर नको, ती ताणली जाते आणि खुणा सरकतात. एका टोकाला वीस सेंटिमीटर मोकळे सोडून गाठ मारा. ही गाठ म्हणजे 'आज'. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. गाठीपासून सहा सेंटिमीटरवर मुलीच्या जन्माचा रंगीत दोरा बांधा, आजीचा तिच्या वयाप्रमाणे साठ-पासष्टवर. 1947 साधारण ऐंशीच्या आसपास येईल. 1674 चा राज्याभिषेक साडेतीन मीटरवर, म्हणजे सुतळी बैठकीच्या खोलीतून बाहेर निघाली. 1290 ची ज्ञानेश्वरी साडेसात मीटरच्या जरा अलीकडे. अजिंठ्याची सगळ्यांत जुनी लेणी बावीस मीटरच्या आसपास, तिथवर सुतळी पुरत नाही, पुढे अंगणात पावलं मोजावी लागतात. डायनासोर कुठे, हे ती विचारणारच. ते संपले 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे याच मापाने 660 किलोमीटर. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग अख्खा 701 किलोमीटरचा आहे, यावरून अंदाज करा. सोडलेले वीस सेंटिमीटर कशाला? दर वाढदिवसाला 'आज'ची गाठ सोडून एक सेंटिमीटर पुढे मारायची. काळ पुढे जातो म्हणजे काय, ते त्या गाठीत दिसतं.

आता निवड. मुखपृष्ठ बाजूला ठेवा आणि आतल्या चित्रांची पार्श्वभूमी बघा. मुख्य माणूस चित्रकार मन लावून काढतो, चुका मागच्या झाडांत आणि ताटात सापडतात. मावळा लालभडक गुलमोहराखाली बसलेला असेल तर चित्रकाराने झाड आजच्या रस्त्यावरून उचललं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. लाल फूलच हवं होतं तर पळस होता, पांगारा होता, काटेसावर होती. तेराव्या शतकातल्या घरात लाल मिरच्यांचा वाटा दिसला तरी तेच. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग हे सगळं अमेरिका खंडातलं, 1492 नंतर जगभर गेलेलं. त्याआधी आपल्याकडचा तिखटपणा मिऱ्याचा, आल्याचा, पिंपळीचा. (उपासाची खिचडी ढवळताना मुलांना हे जरूर सांगा. आपला साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. दाणे, मिरची, बटाटा, सगळी कढईच समुद्रापलीकडून आलेली.)

अशी एखादी चूक सापडली म्हणून पुस्तक परत करू नका. मुलीलाच शोधायला लावा. मात्र पानोपानी सापडायला लागलं तर लेखकाच्या मजकुरावरही विश्वास ठेवू नका.

नातू आठ वर्षांचा. तानाजीच्या गोष्टीत घोरपडीला दोर बांधून कडा चढले असं वाचलं आणि तो म्हणाला, "आजोबा, हे खरं नाही." त्याला काय सांगू? आणि परी-राक्षसांची पुस्तकं आता बंद करावीत का? (एक आजोबा, बेळगाव)

त्याला आधी शाबासकी द्या. मग दोघं मिळून तपासा.

सिंहगड घेतला गेला 4 फेब्रुवारी 1670 ला, तानाजी मालुसरे तिथेच पडले. हे घडलेलं. घोरपड आपल्यापर्यंत आली ती पोवाड्यातून. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला कृष्णाजी अनंत सभासदांनी लिहिलेल्या बखरीत घोरपड नाही. तिथे निवडक मावळे अवघड कड्यावरून वानरासारखे वर जातात आणि मग 'माळ', म्हणजे दोराची शिडी, लावून बाकीच्यांना वर घेतात. आता निसर्गाचं पुस्तक उघडा. घोरपडीची नखं खडकाच्या फटीत घट्ट रुततात हे खरं, पण मोठ्या घोरपडीचंही वजन सात किलोच्या आसपास. साठ किलोचा माणूस तिच्या जिवावर लोंबकळेल का? एका बादलीत सात किलो तांदूळ घालून नातवाला उचलायला द्या, मग तुम्हाला उचलायला सांगा. उत्तर तोच देईल.

पण मग पोवाडा खोटा का? नाही. शाहिराला त्या रात्रीची चढण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल अशी सांगायची होती, आणि सह्याद्रीतला कड्याला चिकटणारा प्राणी त्याला माहीत होता. नातवाला हे कळलं की त्याच्या हातात दोन गोष्टी येतात आणि दोन्हींची गोडी वेगळी.

चांगलं इतिहासाचं पुस्तक हा फरक वाक्यातच दाखवतं. 'असं घडलं', 'बखरीत असं लिहिलंय', 'पोवाड्यात असं गातात' आणि 'त्या रात्री असं झालं असेल' ही चार वेगळी वाक्यं आहेत. नातवाला चार रंगांच्या पेन्सिली द्या आणि एका प्रकरणावर खुणा करायला सांगा. सगळं पान एकाच रंगाचं निघालं, तर लेखकाने मुलांना कमी लेखलंय असं आम्ही मानतो.

परी-राक्षस मुळीच बंद करू नका. फक्त तिथेही काटेकोर राहा. कल्पनेच्या देशाला स्वतःचे नियम असतात आणि ते शेवटच्या पानापर्यंत पाळावे लागतात. विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' मुलं डोक्यावर घेतात, कारण तिथे सगळं उलटंसुलटं असलं तरी ढिलं काही नाही. उलट, पहिल्या पानावर उन्हाला भिणारा राक्षस सहाव्या पानावर भरदुपारी गावात आला आणि कुणी का म्हणून विचारलं नाही, तर आठ वर्षांचं मूल तिथेच पुस्तक मिटतं.

शाळेत पक्ष्यांची सुंदर पुस्तकं आहेत. मुलांना चित्रं पाठ आहेत, पण बाहेर नेलं की एकही पक्षी ओळखता येत नाही. (एक शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा)

दोष आकाराचा आहे. पानावर शिंजीर आणि घार दोन्ही तळहाताएवढे छापलेले असतात. बाहेर मूल तळहाताएवढाच शिंजीर शोधतं आणि तो असतो अंगठ्याएवढा. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी 1941 च्या आपल्या पुस्तकात यावर साधा उपाय केला. प्रत्येक पक्ष्याचा आकार ओळखीच्या पक्ष्याशी ताडून सांगितला, चिमणीपेक्षा लहान, बुलबुलाएवढा, कावळ्यापेक्षा मोठा असा.

जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा: चिमणी 15 सेंटिमीटर, बुलबुल 20, साळुंकी 23, पारवा 33, गावकावळा 43. ही चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी. पट्ट्या फळ्याशेजारी टांगा आणि पुस्तकातल्या प्रत्येक पक्ष्याखाली पेन्सिलीने लिहा: कुणाएवढा? बाहेर गेल्यावर क्रम असा ठेवा: आधी आकार, मग तो कुठे बसलाय (जमिनीवर, झुडपात, तारेवर), मग चोच, रंग सगळ्यांत शेवटी. मुलं रंगापासून सुरुवात करतात आणि फसतात, कारण उन्हाविरुद्ध बसलेला प्रत्येक पक्षी काळाच दिसतो.

मजकूरही तपासा. 'कोकिळा कुहू कुहू गाते' हे वाक्य आढळलं की समासात दुरुस्ती करा. कुहू करतो तो नर कोकीळ, काळाकुळकुळीत, लालभडक डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके, आवाज किक्-किक् असा कर्कश. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. एप्रिल-मेमध्ये कोकिळामागे कावळे का लागलेत, हे शाळेच्या अंगणातून दिसतं. त्या दिवशी पुस्तकाचं ते पान उघडा, आदल्या दिवशी नको. कोळ्याला सहा पाय आणि पेंग्विनशेजारी पांढरं अस्वल याही नेहमीच्या चुका. पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, ते अस्वल उत्तर ध्रुवाकडचं. दोघांची गाठ पडत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मराठी बोलतो, पण वाचायला बसला की रडकुंडीला येतो. लहान मुलांची पुस्तकं त्याला बाळबोध वाटतात, त्याच्या वयाची वाचता येत नाहीत. (एक वडील)

तर त्याच्या वयाचीच घ्या आणि वाचा तुम्ही. एक वाक्य तुम्ही, तेच वाक्य त्याने, रोज दहा मिनिटं. बोट अक्षरांच्या खाली अर्धा सेंटिमीटर अंतर राखून सरकवा. उकार बोटाखाली झाकला गेला की 'कुळ'चं 'कळ' होतं आणि मूल उगाच अडतं.

तो नेमका अडतो कुठे ते लिहून ठेवा. बहुधा तीन जागा निघतील. पहिली 'र'ची रूपं. सूर्य, चक्र, राष्ट्र, तऱ्हा या चार शब्दांत एकच अक्षर चार वेशांत आहे. चारही एका कार्डावर लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवा. दुसरी 'ल' आणि 'श'. मराठी पुस्तकांत पाकळीचा ल आणि देठाचा श असतो, 2009 च्या शासन निर्णयातही तेच रूप आहे. संगणकावरचे बरेच फॉन्ट मात्र हिंदी वळणाचे. पडद्यावर एक आणि कागदावर दुसरं दिसलं की मुलाला ते नवं अक्षर वाटतं. तिसरी जागा 'च' आणि 'ज'. 'जग किती मोठं' आणि 'सुखाने जग' यांतला ज लिहायला एक, उच्चाराला दोन. याला नियम शिकवत बसू नका, तोंडाने म्हणून दाखवा.

पुस्तकं मिळवायला अडचण नाही. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि बालभारतीने त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत आहेत, त्याही मोफत, आणि छापून घ्यायला परवानगी आहे. छापताना अक्षर 20 ते 24 पॉइंटचं ठेवा.

सुट्टीत मुलांकडून आमच्या गावाचं पुस्तक करून घ्यायचं आहे: जुनी विहीर, देवराई आणि एक बनवलेली गोष्ट. मागच्या वर्षी स्टेपल केलं, ते महिन्यात सुटलं. (वाचनालयाचे कार्यकर्ते, रत्नागिरी जिल्हा)

कोकणच्या दमट हवेत स्टेपलची पिन गंजते आणि कागद तिथूनच फाटतो. दोऱ्याने शिवा.

चार ए-फोर कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, सोळा पानं होतात. मुखपृष्ठाला जाड कार्डशीट. घडीवर तीन भोकं: एक बरोबर मध्ये, दोन कडांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. भोकं टोच्याने आधीच पाडा, सुईने थेट टोचलं तर रेष वाकडी जाते. 55 सेंटिमीटर जाड सुती दोरा घ्या आणि मेणबत्तीवरून एकदा ओढा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारा. दोरा घट्ट करताना घडीच्या रेषेत ओढा. वर खेचलात तर भोक फाटतं. शिवून झाल्यावर आतली पानं कडेला एखादा मिलिमीटर बाहेर येतील, पट्टी धरून ती कापा. म्हणूनच मजकूर कडेपासून आणि घडीपासून दोन-दोन सेंटिमीटर आत हवा, हे लिहायला बसण्याआधी मुलांना सांगा.

आणि आधी कोरी वही शिवून मग लिहू देऊ नका. एक पान चुकलं की पोरं सगळं पुस्तक टाकून देतात. सुटे कागद लिहून, चित्रं काढून होऊ द्या, मग शिवा. पानांचा क्रम चुकू नये म्हणून रद्दीच्या कागदाची नमुना घडी करून तिच्यावर आकडे घाला. सगळ्यांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला 16 आणि 1 शेजारी येतात, मागच्या बाजूला 2 आणि 15.

मजकुरासाठी विहिरीची खोली दगड बांधलेल्या दोरीने मोजा, पायऱ्या मोजा. देवराईतली पाच झाडं गावातल्या नावांनीच लिहा आणि प्रत्येकाचं गळलेलं एक पान वर्तमानपत्रात आठवडाभर दाबून चिकटवा. ओलं चिकटवलंत तर पावसाळ्यात बुरशी धरेल. बनवलेली गोष्ट त्याच विहिरीत घडू द्या. पायऱ्या तेवीस मोजल्या असतील, तर गोष्टीतल्या राक्षसालाही तेवीसच उतरायला लावा.