आधी कान, मग पाय

प्रिय पोरा,

तुझा व्हिडिओ दोनदा पाहिला. पाय चांगले पडतात तुझे, ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर बोलत नाही. झाउली स्पर्धेत करू का, आणि ढोलाऐवजी रिमिक्स टाकला तर चालेल का, असं तू विचारलंस. दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही.

झाउली हा पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या गुरो लोकांचा मुखवटा घालून करायचा नाच, बुआफ्ले आणि झुएनुला भागातला. स्त्रीच्या सौंदर्याला वाहिलेला. 'जेला लू झाउली' म्हणजे जेलाची लेक झाउली, असंही त्याला म्हणतात. मुखवट्यावरचा चेहरा लेकीचा, आत नाचणारा पुरुष. घोट्यांवरचे राफियाचे, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या तंतूंचे, झुपके नुसते थरथरताना दिसतात, पाऊल वेगळं दिसतच नाही. आणि वर मुखवटा इतका स्थिर, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. तू पायांचा वेग घेतलास. अरे, पण ते पाय बासरीला आणि ढोलाला उत्तर देतात! आधी ऐकतात, मग पडतात. तुझा रिमिक्स तुझं काय ऐकणार?

2017 साली युनेस्कोने झाउलीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात मुखवटा कोरणारा, पोशाख विणणारा, वादक, गाणारे, रीत सांभाळणारे गावातले जाणते असे सगळे वारसदार धरलेत. नाचणारा त्यांतला एक. तिथली पोरं जुन्या नर्तकाच्या नजरेखाली शिकतात, आठवड्यातून दोन-तीनदा खेळ होतात, म्हणून तो नाच जिवंत आहे. यादी नंतर आली.

मी पालघरातल्या मोखाड्याकडचा, बोहाड्यात वाढलेला. बोहाडा म्हणजे मुखवटे चढवून रात्रभर देवादिकांची सोंगं नाचवायचा आमचा गावउत्सव. आमच्या घरात नरसिंहाचं सोंग. विशीत शहरातल्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. संबळवाल्या बाबांना न्यायचा खर्च नको, म्हणून त्यांचं वादन कॅसेटवर भरून घेतलं. नाचता नाचता मुखवट्याची दोरी सैल झाली. डोळ्यांची भोकं गालावर आली, पुढे नुसता अंधार. मी सावरायला थांबलो. कॅसेट थांबली नाही. गावात असतो तर बाबांनी तोच ठोका घोळवत ठेवला असता, माझं पाऊल परत येईपर्यंत.

टाळ्या पडल्या. घरी आल्यावर थोरले काका एवढंच म्हणाले, "एकटाच नाचलास रे."

त्या पैशांतून बहिणीची फी भरली. त्याची मला लाज नाही, आजही नाही. पोटाला लागतंच, आणि गावात बसून कला जपा असं सांगणाऱ्यांनी आमची चूल कधी पाहिली नव्हती. पण बाबांच्या शेजारी बसून ऐकायला पैसे लागत नव्हते. तेही मी केलं नाही. दोन वर्षांनी ते गेले. प्रत्येक सोंगाचा ठोका त्यांच्या हातात होता, कॅसेटवर त्यातला एकच, आणि तीही बुरशीने गेली. म्हणून तुझ्यावर चिडतो. आधी ऐक रे, आधी ऐक.

स्पर्धेत जा. झाउलीचं नाव लावू नकोस, मुखवटा तर अजिबात चढवू नकोस. समोर ढोलकी वाजवणारा एक जिवंत माणूस बसव आणि त्याच्याशी नाच. तो चुकला तर तूही चुक, पण त्याला सोडून पुढे पळू नकोस. बक्षीस हुकलं तर माझ्याकडे ये, भांडू.

चैत्रात गावी बोहाडा आहे. पहिल्या रात्री तुला नाचायचं नाही. संबळवाल्याच्या डाव्या हाताला मांडी घालून बसायचं, उजाडेपर्यंत उठायचं नाही. मोबाइल घरी ठेव. पहाटे गारवा असतो, घोंगडी मी आणतो.

तुझा,
मास्तर