पाय तोच, दावा वेगळा

अपघातातल्या जखमा आणि त्यांची भरपाई, या विषयावर प्रश्न पाठवा असे गेल्या अंकात लिहिले होते. आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. साताऱ्याच्या न्यायालयात मी वर्षानुवर्षे असे दावे चालवते आहे. त्या अनुभवातून जे सांगावेसे वाटते, ते पहिल्या उत्तरात सविस्तर आले आहे. म्हणून ते उत्तर लांबले, याबद्दल इतर पत्रलेखकांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई, माझा स्वतःचा टेम्पो आहे. कराड ते पुणे भाजीची भाडी मारतो. वय ३४. मोटारसायकलवरून घरी जाताना ट्रकने धडक दिली आणि डावा घोटा चुरा झाला. प्लेट आणि स्क्रू टाकले, पण घोटा आता वाकत नाही. दाखल्यावर पायाचे ४० टक्के अपंगत्व लिहिले आहे. माझ्या चुलतभावाचा घोटा असाच मोडला होता. तो जिल्हा परिषदेत लिपिक आहे. त्याची केस थोडक्यात मिटली. विमा कंपनीचा माणूस मला म्हणतो, ‘जखम तीच आहे, तेवढेच मिळतील.’ हे खरे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : भाऊ, खरे नाही. कशावरही सही करू नका.

दाखल्यावरचे ४० टक्के हे तुमच्या पायाचे आहेत. न्यायाधिकरणाला (मोटार अपघातांचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला) ठरवायचे असते ते तुमची कमाई किती टक्क्यांनी गेली. या दोन आकड्यांची गल्लत होते आणि माणसे लाखो रुपयांना मुकतात. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या २०१० च्या निकालात हा फरक फोड करून सांगितला. त्यातले उदाहरण तुमच्यासाठीच दिल्यासारखे आहे. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरले जाईल. पण तो हात ड्रायव्हरचा किंवा सुताराचा असेल, तर कमाईची हानी जवळजवळ १०० टक्के होऊ शकते. सरकारी लिपिकाचा असेल, तर त्याची नोकरी टिकू शकते आणि कमाईची हानी तेवढी धरली जात नाही.

तुमच्या भावाचा पगार चालू राहिला. त्याला वेदनेबद्दल, उपचाराच्या खर्चाबद्दल, आयुष्यातल्या सुखाला मुकल्याबद्दल रक्कम मिळाली असणार. पण ‘भविष्यातील कमाईचे नुकसान’ हा सगळ्यांत मोठा रकाना त्याच्या दाव्यात जवळपास रिकामा राहिला असेल. तुमचा दावा उभा राहतो तो नेमका त्याच रकान्यावर. डाव्या पायाने तुम्ही क्लच दाबता. कात्रजचा घाट चढताना, टोलनाक्यावरच्या रांगेत, मार्केट यार्डात गाडी मागे घेताना तो पाय किती वेळा वरखाली होतो ते तुम्हालाच ठाऊक. कोर्टाला ते कुणीतरी सांगावे लागते.

आता हिशेब पाहा. तुमची कमाई महिना १८,००० धरू. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. प्रणय सेठी प्रकरणाने २०१७ मध्ये हे प्रमाण ठरवून दिले आणि ते जखमींनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. एकतीस ते पस्तीस वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाच्या तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाची कमाई ज्याने गुणायची तो वयानुसारचा आकडा, १६. गुणाकार येतो ४८,३८,४००. विमा कंपनी म्हणेल, पायाचे ४० म्हणजे सबंध शरीराचे २० टक्के, घ्या ९,६७,६८०. कमाईची हानी ७० टक्के आहे हे तुम्ही सिद्ध केलेत, तर हाच आकडा ३३,८६,८८० होतो. घोटा तोच आणि प्लेटही तीच.

सिद्ध कसे करायचे? नुसता दाखला जोडून भागत नाही, डॉक्टरांना साक्षीला आणावे लागते. तिथे काय घडते ते सांगते. कंपनीचे वकील उलटतपासणीत विचारतात, ‘पेशंट चालू शकतो का?’ डॉक्टर प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात. ‘बसून काम करू शकतो?’ ‘हो.’ एवढ्यावर वकील खाली बसतात आणि ती दोन ‘हो’ निकालपत्रात उतरतात. म्हणून आपल्या वकिलाने सरतपासणीतच, म्हणजे उलटतपासणीआधी स्वतः साक्ष घेतानाच, विचारले पाहिजे : घोटा किती अंशांत वाकतो? त्या पायाने क्लच पूर्ण दाबून धरता येईल का? किती वेळ? टेम्पोत चढउतार, पोती उचलणे? व्यावसायिक लायसन्सला डॉक्टरांचा फिटनेस दाखला लागतो. तो तुम्हाला नाकारला गेला, तर नकार तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. त्या एका कागदाने कामाचा प्रश्न बराचसा मिटतो. कमाईसाठी भाड्याच्या पावत्या, डिझेलची बिले, टेम्पोच्या हप्त्याचे बँक पासबुक काढून ठेवा.

‘बसून करण्याजोगे काम कर’ हा युक्तिवाद मला फार क्रूर वाटतो. हातगाडी ओढणाऱ्या पंचावन्नच्या घरातल्या एका माणसाचा पाय गेला, तेव्हा खालच्या पातळीवर हाच तर्क लावला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो खोडून काढला आणि कमाईची हानी ९० टक्के धरली. हा निकाल तुमच्या वकिलांना दाखवा.

एक घाई मात्र कराच. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. हाड जुळायला, अपंगत्व कायमचे आहे की नाही ते ठरायला वेळ लागतो, म्हणून लोक थांबतात. थांबू नका. आधी अर्ज दाखल करा, टक्केवारीचा दाखला नंतर जोडता येतो. अर्ज तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो, धडक कुठेही झालेली असो.

प्रश्न : भोसरीत कंत्राटदाराकडून पॉवर प्रेसवर कामाला होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. वय ३०, पगार २३,०००. कंत्राटदाराने ५०,००० रुपये देऊन ‘माझी काही तक्रार नाही’ अशी सही घेतली. आता काही होऊ शकते का? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : होऊ शकते. त्या सहीने तुमचा हक्क जात नाही. कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने शून्य आहे. ठोक रकमेची तडजोड कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे (असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नोंदवावी लागते, घरी कागदावर लिहून भागत नाही. कंत्राटदाराने हात वर केले, तरी ज्या कारखान्याचे काम करत होतात त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते.

पगार २१,००० च्या आत असता, तर हा विषय ईएसआयकडे (कर्मचारी राज्य विमा योजनेकडे) गेला असता आणि मालकाकडून वेगळी भरपाई मागता आली नसती. तुमचा पगार वर आहे, म्हणून १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा लागतो. (नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तुमचा अपघात त्याआधीचा आहे.)

या कायद्यात जखमांचा तक्ताच दिला आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, करंगळी किंवा अनामिका ७, हाताची चारही बोटे ५०, पंजा ६०. पगार २३,००० असला तरी हिशेबाला १५,०००च धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा या कायद्यातला गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२० आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. एवढे तरी तुमचे आहेतच. वर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण थकवले म्हणून ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो.

पण मी तक्त्यावर थांबणार नाही, तुम्हीही थांबू नका. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते अंशतः अपंगत्व ठरत होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ च्या निकालात म्हटले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हानी १०० टक्के. उजव्या अंगठ्याशिवाय प्रेसवर पत्रा धरता येतो का, तुम्हाला दुसरे कोणते काम येते, हे आयुक्तांपुढे मांडा. पूर्ण १०० टक्के मिळतीलच, असे वचन मी देत नाही. मागणी मात्र लिहून द्यायलाच हवी. मुदत दोन वर्षांची आहे. पुण्याच्या कामगार न्यायालयात चौकशी करा.

प्रश्न : माझ्या आईला (वय ५२) रस्ता ओलांडताना मोटारीने उडवले. डोक्याला मार लागला होता. आता स्कॅन ‘नॉर्मल’ आहे, पण ती गॅस चालू ठेवून विसरते, चिडते, तिला एकटी ठेवता येत नाही. कंपनी म्हणते, बाई कमावत नव्हती आणि रिपोर्टही चांगला आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ताई, न दिसणाऱ्या जखमेचे दावे सर्वांत अवघड असतात, कारण एक्स-रे समोर धरून दाखवता येत नाही. आईला न्यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि स्मरणशक्ती, लक्ष, वागणूक यांची मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या. स्कॅन नॉर्मल असला, तरी या चाचणीत उणीव दिसू शकते. आजपासून एक वही ठेवा : कोणत्या दिवशी काय विसरली, कोण सोबत राहिले, कुणाची रजा पडली. शेजारणीची साक्षही उपयोगी पडते.

‘कमावत नव्हती’ हे म्हणणे न्यायालयांनी केव्हाच झिडकारले आहे. गृहिणीच्या कामाचे उत्पन्न गृहीत धरून भरपाई ठरते आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातही भविष्यातली वाढ मिळवायला सांगितले. स्वयंपाक, नातवंडे, सासूबाईंचे औषधपाणी, जे जे आई करत होती ते अर्जात एकेक करून लिहा.

आणि सोबतीचा खर्च विसरू नका. हरयाणातल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला अपघातात कायमची इजा झाली. तिच्यासाठी लागणाऱ्या मदतनीस बायकांचा खर्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुणक लावून दिला आणि एकूण रक्कम ६२,२७,००० झाली. तुम्ही स्वतः आईजवळ बसता म्हणून तो खर्च शून्य होत नाही. मदतनीस ठेवली तर सोलापुरात महिन्याला काय लागेल, ते लिहून मागा.

प्रश्न : मुका मार, पंधरा दिवस पट्टा. धडक देणारी गाडी पळून गेली. काही मिळेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : कायमचे अपंगत्व नसेल, तर गुणकाचा हिशेब येत नाही. उपचार, बुडालेली मजुरी आणि वेदना, एवढ्यावर दावा असतो. पण तुमची अडचण वेगळी आहे : गाडी सापडली नाही, तर दावा कुणावर करणार? पळून गेलेल्या वाहनांसाठी सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तिच्यात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. नुसता मुका मार तिच्यात बसत नाही. मात्र हाड मोडले असेल किंवा वेदनेमुळे पंधरा दिवस नेहमीचे काम करता आले नसेल, तर कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते. पट्टा पंधरा दिवसांनी सुटला, पण कामावर केव्हा गेलात ते पत्रात नाही. एक्स-रे पुन्हा दाखवून घ्या, डॉक्टरांकडून विश्रांतीच्या तारखा लिहून घ्या आणि एफआयआरची प्रत घेऊन तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज कुठे द्यायचा ते विचारा.