वाचकांचे प्रश्न : आमदारांचे वाचन आणि विधिमंडळाचे ग्रंथालय

विधिमंडळाच्या कामकाजाशी संबंधित अभ्याससाधनांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : विधानसभेच्या एका नवनिर्वाचित सदस्यांकडे मी संशोधन सहायक म्हणून नुकताच रुजू झालो आहे. तारांकित प्रश्न (ज्यांना सभागृहात तोंडी उत्तर मिळते) आणि लक्षवेधी सूचना यांचे मसुदे मीच तयार करतो. त्यासाठी मी प्रामुख्याने वर्तमानपत्रांतील बातम्यांचा आधार घेतो. पण उत्तरात बहुतेक वेळा ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढेच हाती लागते. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : बातमीवरून विषय सुचण्यात काहीच गैर नाही, परंतु बातमीवर मसुदा थांबला की उत्तरही तेवढ्यावरच थांबते. प्रश्नाचा ठरलेला साचा आपल्या परिचयाचा आहेच : ‘अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ या साच्यातील पहिले कलम जितके सैल, तितके ‘अंशतः खरे’ म्हणणे सोपे. बातमीतला एखादा आकडा किंवा एखादी तारीख चुकीची निघाली तरी तेवढ्या आधारावर संपूर्ण कलम अंशतः नाकारता येते, आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

म्हणून मसुद्याला हात घालण्यापूर्वी त्याच विषयावर सभागृहाला याआधी काय सांगण्यात आले आहे, ते शोधावे. माझ्या मते संशोधन सहायकाच्या कामाचा निम्मा भाग हाच आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत कमी केला जातो. समजा, एका ग्रामीण रुग्णालयाच्या इमारतीचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वीच्या उत्तरात प्रशासकीय मान्यता मिळाल्याची तारीख दिलेली असते. मागच्या अधिवेशनातील उत्तरात अंदाजपत्रकाची छाननी सुरू असल्याचे म्हटलेले असते. ही दोन उत्तरे शेजारी-शेजारी ठेवली की नवा प्रश्न आपोआप तयार होतो : अमुक तारखेस मान्यता मिळालेल्या कामाच्या अंदाजपत्रकाची छाननी अद्याप पूर्ण झालेली नाही, हे खरे आहे काय? या कलमातील प्रत्येक शब्द शासनाच्याच उत्तरातून आलेला असल्यामुळे त्याला ‘अंशतः’ म्हणायला जागा उरत नाही. मंत्रिमहोदयांनी पूर्वी सभागृहात आश्वासन दिले असेल, तर अशा आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीपुढे विषय गेला होता का, हेही पाहावे.

विधिमंडळाच्या ग्रंथालयात विचारणा करताना ‘रुग्णालयांवरील माहिती हवी’ असे मोघम सांगू नये. विषय, जिल्हा, अंदाजे कालावधी, आणि आपल्याला प्रश्नोत्तर हवे आहे, चर्चा हवी आहे की समितीचा अहवाल, हे चार तपशील एका चिठ्ठीवर लिहून द्यावेत. अधिवेशन सुरू असताना ग्रंथपालांपुढे एकाच सकाळी अनेक सदस्यांच्या मागण्या येतात. नेमकी चिठ्ठी देणाऱ्याचे काम लवकर होते, यात पक्षपात नसून निव्वळ सोय आहे.

कार्यवाहीच्या वृत्तांतातून उतारा घेताना पानाच्या माथ्याकडे अवश्य पाहावे. तिथे ‘असुधारित प्रत’ असे छापलेले असेल, तर तो प्रतिवेदकांनी, म्हणजे सभागृहातील भाषणे टिपून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, घेतलेला पहिला पाठ आहे आणि त्यात नंतर दुरुस्ती होऊ शकते, हे ध्यानात ठेवून तो वापरावा. अशा प्रतीतील एखादे वाक्य शब्दशः उद्धृत करून वाद घालणे धोक्याचे ठरते.

शासन निर्णयांबाबत एक छोटी युक्ती सांगतो. बहुतेक शासन निर्णयांच्या आरंभी ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक दिलेले असतात. बरेच जण हा भाग ओलांडून थेट प्रस्तावनेवर येतात. प्रत्यक्षात योजनेचा सारा इतिहास त्या चार-पाच ओळींत असतो. त्यांतला सर्वांत जुना निर्णय काढावा, त्याचाही ‘वाचा’ पाहावा, आणि असे मागे-मागे जात योजनेच्या मुळाशी पोहोचावे. निकष कधी बदलले, कोणता घटक वगळला गेला, अनुदानाचे प्रमाण केव्हा घटले, हे त्या साखळीतच दिसते.

प्रश्न : मी पहिल्यांदाच विधान परिषदेवर निवडून आले आहे. अर्थसंकल्पाच्या दिवशी हाती आलेल्या प्रकाशनांचा गठ्ठा पाहून मी अक्षरशः गोंधळले. सहकारी सदस्य म्हणाले, ‘भाषण वाचा, पुरे आहे.’ मला ते पटत नाही. एवढ्या कागदांत सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपल्याला ते पटले नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. भाषण हे शासनाच्या इच्छेचे निवेदन असते. ते ऐकावे, पण अभ्यासाची सुरुवात त्याच्या आदल्या दिवसापासून करावी. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी साधारणपणे अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी सभागृहाला सादर होते. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने तयार केलेले हे प्रकाशन मराठीतही उपलब्ध असते. आपल्याला ज्या दोन विषयांवर बोलायचे आहे, तेवढीच प्रकरणे त्या रात्री वाचावीत. सगळे वाचण्याचा हट्ट धरला की काहीच वाचून होत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 202 नुसार सादर होणाऱ्या वार्षिक वित्तविषयक विवरणपत्रात आणि खात्यांच्या खर्चमागण्यांच्या पुस्तकांत आकड्यांच्या स्तंभांकडे लक्ष द्यावे. 2024-25 च्या अर्थसंकल्पात त्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज असतो, 2023-24 चा अर्थसंकल्पीय आणि सुधारित अंदाज असतो, आणि प्रत्यक्ष रक्कम असते ती 2022-23 ची. म्हणजे जो आकडा खरोखर खर्च झाल्याचे सांगतो, तो दोन वर्षे मागचा असतो. भाषणात ‘भरीव वाढ’ म्हणून सांगितलेली तरतूद बहुधा मागील वर्षाच्या अंदाजाशी ताडलेली असते. तीच प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहिली तर चित्र बरेचदा बदलते. एखाद्या योजनेला दरवर्षी मोठी तरतूद मिळते, सुधारित अंदाजात ती खाली येते आणि प्रत्यक्ष खर्च त्याहूनही कमी निघतो, असे लागोपाठ दिसले, तर पैसा मागण्यापेक्षा तो का खर्च होत नाही, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

दुसरी गोष्ट लेखाशीर्षांची, म्हणजे जमाखर्च ज्या शीर्षकांखाली नोंदला जातो त्यांच्या क्रमांकांची. चार अंकी प्रधान लेखाशीर्षे पाहून नवे सदस्य दचकतात, पण त्यांत एक साधी रचना आहे. पहिला अंक 0 किंवा 1 असेल तर महसुली जमा. 2 किंवा 3 असेल तर महसुली खर्च. 4 किंवा 5 असेल तर साधारणतः भांडवली खर्च. 6 किंवा 7 असेल तर कर्जे व आगाऊ रकमा. वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य या विषयाचे उदाहरण घ्या. 0210 म्हणजे या खात्याची जमा, 2210 म्हणजे वेतन, औषधे, देखभाल यांसारखा महसुली खर्च, 4210 म्हणजे इमारती आणि यंत्रसामग्री यांवरील भांडवली खर्च, आणि 6210 म्हणजे या क्षेत्रासाठी दिलेली कर्जे. शेवटचे तीन अंक तेच राहतात. हे एकदा डोक्यात बसले, की आरोग्यावरील तरतूद वाढली असे सांगितले गेल्यावर ती 2210 मध्ये वाढली की 4210 मध्ये, हे आपण स्वतः दोन मिनिटांत पाहू शकता. रुग्णालयाची इमारत उभी राहिली आणि परिचारिकांची पदे रिक्तच राहिली, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या दोन लेखाशीर्षांमधल्या तफावतीत सापडते.

खर्च होऊन गेल्यानंतरची बाजू भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या कागदांत असते. राज्याच्या लेख्यांवरील त्यांचे अहवाल अनुच्छेद 151 अन्वये राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवले जातात आणि पुढे लोकलेखा समिती व सार्वजनिक उपक्रम समिती त्यांची छाननी करतात. हे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत पटलावर येतात, त्यामुळे त्यांवर त्या वेळी फारसे बोलले जात नाही. मात्र पुढच्या अधिवेशनाच्या तयारीला त्यांच्यासारखे साधन नाही. विनियोजन लेख्यांत, म्हणजे मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या हिशेबात, कोणत्या मागणीखाली किती रक्कम अखर्चित राहिली, हे मागणीनिहाय दिलेले असते. पुरवणी मागण्यांवर, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा तरतुदींवर, बोलायचे असेल तर हे पान उघडे ठेवूनच उभे राहावे : मूळ तरतूदच खर्च झाली नाही आणि तरीही पुरवणी मागणी आणली गेली, असे प्रसंग त्यात नोंदलेले सापडतात.

इतर राज्यांशी तुलना करायची असल्यास भारतीय रिझर्व्ह बँकेचा राज्यांच्या अर्थसंकल्पांवरील वार्षिक अभ्यास पाहावा. त्यात सर्व राज्यांचे आकडे एकाच वर्गीकरणाने मांडलेले असतात. वेगवेगळ्या राज्यांची भाषणे वाचून स्वतः तुलना करण्याच्या फंदात पडू नये.

प्रश्न : मी ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी आहे. विधिमंडळातील ग्रंथपालाने केवळ पुस्तके आणि कागद काढून द्यावेत, की एखाद्या विधेयकाचे बरे-वाईटही सांगावे? तसेच सदस्यांनी आणि त्यांच्या सहायकांनी नियमित काय वाचावे, असे आपल्याला वाटते?

उत्तर : आपला पहिला प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 1901 मध्ये चार्ल्स मॅकार्थी यांनी राज्याच्या विधिमंडळासाठी संदर्भसेवा उभारली. इतर राज्यांतील कायदे, अहवाल, कात्रणे असे सारे विषयवार लावून सदस्यांना हवे तेव्हा मिळावे, आणि त्यासाठी त्यांना हितसंबंधी गटांच्या वकिलांवर अवलंबून राहावे लागू नये, ही त्यामागची कल्पना होती. पुढे ही कचेरी विधेयकांचे मसुदे तयार करण्यासही मदत करू लागली आणि विरोधकांनी तिला विधेयकांचा कारखाना ठरवून ती बंद करण्याची मागणी केली. तरीही ती टिकली. माझे मत असे की ग्रंथपालाने निष्कर्ष देऊ नये, पण विरुद्ध बाजूचा कागदही न मागता पुढे ठेवावा. समर्थनाचा अहवाल मागणाऱ्या सदस्यास त्याच विषयावरील भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्यांचे लेखी मत, दाखवणे, हे मत देणे नव्हे. ते पूर्ण उत्तर देणे आहे.

विधेयक हाती आले की प्रथम त्याच्या शेवटी जोडलेले उद्देश व कारणे यांचे निवेदन, वित्तीय ज्ञापन आणि प्रत्यायोजित विधानासंबंधीचे ज्ञापन वाचावे. या तिसऱ्या ज्ञापनाकडे फार कमी जण वळतात, आणि नियम करण्याचे किती अधिकार सभागृह शासनाकडे सोपवत आहे, ते नेमके तिथेच कळते. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, असेल तर केंद्राच्या कायद्याशी विसंगती येते का, हे अनुच्छेद 254 च्या अनुषंगाने तपासावे. शिक्षण आणि वने हे विषय 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले, याचा विसर अजूनही पुष्कळांना पडतो. इतर राज्यांचे कायदे इंडिया कोड या शासकीय संकेतस्थळावर, तर विधेयकांची आणि राज्यांच्या अर्थसंकल्पांची सुबोध टिपणे पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या 2005 पासून काम करणाऱ्या संस्थेकडे मिळतात. टिपण वाचल्यावर मूळ विधेयक मात्र वाचायलाच हवे. एका राज्याचा कायदा पुढे देशाला कसा उपयोगी पडतो, याचे आपल्याच घरचे उदाहरण म्हणजे 1977 चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम. केंद्राचा रोजगार हमी कायदा त्यानंतर 28 वर्षांनी, 2005 मध्ये झाला.

नियमित वाचनासाठी मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आणि लोकसभा सचिवालयाचे संसदीय कामकाजविषयक नियतकालिक चाळण्याची सवय ठेवावी. कामकाजपद्धतीसाठी कौल आणि शकधर यांचा संसदेच्या कार्यपद्धतीवरील ग्रंथ हाताशी असावा, पण राज्याच्या सभागृहात आधार द्यायचा तो आपल्या सभागृहाच्या नियमांचाच, संसदेच्या नव्हे.

आणखी एक वाचन मी आग्रहाने सुचवतो, ते ‘चालू’ या सदरात बसत नसले तरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची मुंबई विधिमंडळातील भाषणे महाराष्ट्र शासनाने 1982 मध्ये त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या इंग्रजी खंडात प्रसिद्ध केली आहेत. जुलै 1928 मध्ये प्रसूतिलाभ विधेयकावर ते बोलले, ते भाषण आकाराने छोटे आहे. विरोधकांचा आक्षेप आधी नीट मांडायचा, खर्चाचा भार कोणी सोसावा हा अवघड मुद्दा टाळायचा नाही, आणि विधेयकाच्या कलमांपासून ढळायचे नाही, हे त्यात पाहण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी, 1929 मध्ये, तो कायदा झाला.

प्रश्न : मी सदस्य नाही, कर्मचारीही नाही, एक निवृत्त शिक्षक आहे. यातले काही माझ्यासारख्याला पाहता येते का?

उत्तर : विधिमंडळाचे ग्रंथालय मुळात सदस्यांसाठी आहे, पण वर आलेले बहुतेक कागद सार्वजनिक आहेत. आर्थिक पाहणी, अर्थसंकल्पीय प्रकाशने, शासन निर्णय आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल संबंधित शासकीय संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. जुने अहवाल हवे असतील, तर पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील अनेक दुर्मीळ प्रकाशने संगणकीय स्वरूपात खुली केली आहेत, ती अवश्य पाहावीत. आपल्या गावातील शाळेच्या इमारतीचा विषय असेल, तर त्या योजनेचा सर्वांत अलीकडचा शासन निर्णय काढा, त्याचा ‘वाचा’ पाहा, आणि सापडलेले क्रमांक व दिनांक आपल्या आमदारांच्या कार्यालयात लेखी द्या. पहिल्या पत्रातील संशोधन सहायकासारख्या एखाद्या तरुणाचे दोन दिवसांचे काम त्यामुळे वाचेल, आणि प्रश्नाचा मसुदा मुदतीत दाखल होईल.