पुराच्या वेळी एवढी मदत येते, तरी गरजूंपर्यंत का पोचत नाही?

तुम्ही विचारलंय की सांगली-कोल्हापूरला पूर आला की राज्यभरातून ट्रकच्या ट्रक निघतात, तरी लोक आम्हाला काय मिळालं नाही म्हणतात ते कसं, आणि पुढच्या वेळी पाठवायचं झालं तर काय पाठवावं. मी पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा, 2019 आणि 2021 दोन्ही पुरात सामान उतरवून घ्यायला आणि वाटायला होतो, तेव्हा जे बघितलं त्यावरनं सांगतो.

माल कमी पडलाय असं फारसं होत नाही हो, तो उतरतो कुठं तिथं सगळा घोळ आहे. 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटाच्या वर गेलं, तिथं धोक्याची पातळीच 45 आहे. पुणे-बंगळूर हायवे कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद, गाड्या जागच्या जागी अडकलेल्या. रस्ता सुटला की सगळ्या एकदम आल्या. आता ड्रायव्हर परका, त्याला रात्रीत परत जायचंय, मग फाट्यावर जिथं गर्दी दिसंल तिथं फाळका उघडला जातो. गर्दीत पुढं कोण असणार, धडधाकट पोरं. एकटी म्हातारी, नुकतीच बाळंत झालेली बाई, मळ्यातल्या वस्तीवरची माणसं, पालावरची कुटुंबं तिथं येतच नाहीत. फाट्यावरच्या गावाला तीनतीनदा किट मिळतं आणि चार किलोमीटर आत असलेल्या गावाला बिस्किटं सुद्धा नाहीत, हे मी डोळ्यानं बघितलंय आणि अजून त्याचा त्रास होतो.

दुसरं म्हणजे कपडे. कृपा करून जुने कपडे पाठवू नका. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडंला पडून होते, आमच्याकडं पण तेच झालं. चिखल काढायला माणसं मिळत नव्हती आणि त्यातली दहाबारा माणसं कपडे निवडत बसली होती. आतले कपडे, लहान पोरांचे कपडे, साड्या द्यायच्याच असतील तर नव्या द्या, थोड्या द्या.

आणि वेळ. छावणीत असेपर्यंत खायला असतं, जत, आटपाडी, विट्याकडनं भाकरी आल्या होत्या, ज्यांच्याकडं स्वतःला प्यायला टँकर लागतो त्या भागातनं, हे आम्ही विसरणार नाही. खरे हाल पाणी ओसरल्यावर सुरू होतात. घरात गुडघाभर गाळ, अंथरूण गेलेलं, शेगडी गेलेली, गोठ्यातली जनावरं मेलेली, विहिरीचं पाणी घाण, लाईट नाही, आणि तोवर टीव्हीवाले गेलेले असतात, ट्रक पण थांबलेले असतात. तेव्हा लागतात फावडी, खराटे, फिनेल, ब्लिचिंग पावडर, पाण्याचा टँकर, फवाऱ्याचं मशीन, सॅनिटरी पॅड, बीपी-शुगरच्या गोळ्या, जनावरांना सुका चारा, आणि एखादा वायरमन जो घरोघरी जाऊन वायरिंग तपासंल. हे कुणी किटमध्ये घालत नाही.

सरकारी मदतीचं वेगळंच. 2019 ला सुरुवातीला घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असलं तरच मदत, अशी अट निघाली आणि त्यावर लोक लई चिडले. पुढं ग्रामीण कुटुंबाला 10,000 आणि शहरात 15,000 जाहीर झाले, त्यातले 5,000 रोख, बाकीचे खात्यावर. पण पंचनाम्यात घर ज्याच्या नावावर तोच दिसतो, भाडेकरूचा सगळा संसार भिजला तरी त्याला सिद्ध करत फिरावं लागतं, वाटेकऱ्याचं पीक गेलं तरी सातबारा मालकाचा, आणि आधार, रेशनकार्ड, पासबुक तर पुरातच गेलेलं. भिजलेल्या कागदासाठी माणसाला रांगेत उभं करणं मला अजिबात पटत नाही. पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यासोबत आशाताई किंवा अंगणवाडी सेविका असली पाहिजे, कारण कुठल्या खोलीत कोण राहतं, कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे, कोण अंथरुणाला खिळलंय हे तिला तोंडपाठ असतं. सामान वाटायची यादी पण तिच्याकडनंच घ्यावी.

वाहतुकीला दूध संकलनाच्या गाड्या वापराव्यात असं माझं ठाम मत आहे. त्या रोज गावोगावी फिरतात, कुठला रस्ता कधी पाण्याखाली जातो, वळसा कुठनं घ्यायचा हे त्या ड्रायव्हरला कळतं. मुंबईहून तांदूळ आणायची गरजच नाही, विटा आणि तासगावची बाजारपेठ पुराच्या बाहेर आहे, पैसे पाठवले तर तिथनं त्याच दिवशी माल उचलता येतो, भाड्याचा खर्च वाचतो. आणि घर सावरायला लागले की सरळ कुटुंबाच्या हातात पैसे द्या, कुणाला शेगडी हवी असते, कुणाला पोराची पुस्तकं, ते त्यांना कळतं. फक्त बँकच पाण्यात असली किंवा एटीएम बंद असलं तर खात्यावरचे पैसे काही कामाचे नाहीत, तेव्हा रोख लागते.

तुमचा ग्रुप असंल तर एकच गाव धरा, निघायच्या आधी तिथल्या सरपंचाला किंवा ग्रामसेवकाला फोन करून काय आलं नाही ते विचारा, आणि महिन्यानं परत विचारा.

अजून एक, हे पुराच्या आधीचं काम आहे. 8 ऑगस्ट 2019 ला आमच्याच पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून 17 माणसं गेली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती, कारण दुसरी बोट कधी येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून ज्यांना खरंच मदत करायचीय त्यांनी मे महिन्यातच नदीकाठच्या एखाद्या ग्रामपंचायतीला विचारून लाईफ जॅकेट, दोरखंड, बॅटऱ्या घेऊन द्याव्यात आणि गावातल्या पोहणाऱ्या पोरांना बोट चालवायचं ट्रेनिंग मिळंल असं बघावं. जुलैत नदी वाढायला लागली की मग काय पोचत नाही.