दीड आणि पाऊण मिळून किती? दशांशांची बेरीज नेमकी कुठे चुकते

१.५ मध्ये ०.७५ मिळवले की आपले उत्तर १.८० येते आणि दुकानाचे बिल मात्र २.२५ दाखवते, मग दशांश चिन्हापुढच्या आकड्यांची बेरीज करायची तरी कशी, असा आपला प्रश्न आहे. आपण ५ आणि ७५ यांची बेरीज ८० केली, ती आकडेमोड म्हणून बरोबरच आहे. परंतु तो ५ आणि ते ७५ एका मापाचे नाहीत.

१.५ मधला ५ म्हणजे पाच दशांश. ०.७५ मधले ७ हे दशांश आणि ५ हे शतांश, म्हणजे दोन्ही मिळून पंचाहत्तर शतांश. एका दशांशात दहा शतांश असल्यामुळे आपले पाच दशांश हे पन्नास शतांश होतात, आणि बेरीज पन्नास व पंचाहत्तर यांची करायची असते. रुपयांत हे चटकन पटते, कारण दीड रुपया बिलावर १.५० असाच छापला जातो. एक रुपया पाच पैसे लिहायचे तर १.०५ असे लिहावे लागते.

पूर्णांक संख्या उजव्या कडेला जुळवून मांडायची सवय शाळेपासून हाताला लागलेली असते आणि दशांशांत तीच सवय घात करते. इथे कडा जुळवायची नसून चिन्हाखाली चिन्ह आणायचे असते, आणि रिकाम्या राहिलेल्या स्थळी शून्य भरायचे असते. १.५० खाली ०.७५ मांडल्यावर शतांशांत ० आणि ५ मिळून ५. दशांशांत ५ आणि ७ मिळून १२, म्हणून २ लिहून हातचा १ एककाच्या घरात. तिथे १, ० आणि हातचा १ मिळून २. उत्तर २.२५. चिन्ह नसलेल्या संख्येच्या शेवटीही ते गृहीत असते, म्हणून ३ किलो कांदे आणि ०.१२५ किलो आले यांचे एकूण वजन ३.१२५ किलो होते.

उत्तर ताडून पाहण्याची सोय मराठी माणसाच्या तोंडी आधीपासूनच आहे. दादरच्या मंडईत कोणालाही दीड किलो आणि पाऊण किलो मिळून किती असे विचारले, तर तो कागद न मागता सव्वादोन म्हणेल. वजनकाट्यावर तेच २.२५० दिसते. तिथल्या शेवटच्या शून्याने वजन वाढत नाही. उलट ४.३५ ग्रॅमची अंगठी ४.५ ग्रॅमच्या अंगठीपेक्षा जड वाटणे, केवळ आकडे जास्त आहेत म्हणून, हा मूळ चुकीचाच दुसरा अवतार आहे. ४.५ म्हणजे ४.५०, आणि तीच जड.

हातचा प्रत्येक घरात दहालाच घ्यायचा, ही सोय आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिचे मोल लक्षात येत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यापूर्वी बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता, त्यामुळे हिशेब लिहिणाऱ्याला एका घरात बाराला आणि पुढच्या घरात सोळाला हातचा घ्यावा लागे. वहीतले ते काम किती जिकिरीचे असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मात्र दिसेल तो प्रत्येक टिंब दशांश चिन्ह समजू नये. मुंबईत सकाळी ८.४५ ची लोकल पकडून अर्ध्या तासाने आपण ९.१५ ला उतरतो, ८.७५ ला नव्हे, कारण तिथे हातचा साठाला जातो. क्रिकेटमध्ये तो सहाला जातो: एका गोलंदाजाची ३.४ षटके आणि दुसऱ्याची २.५ षटके मिळून ५.९ नव्हे, तर ६.३ षटके होतात, म्हणजे सहा षटके आणि तीन चेंडू. या ६.३ षटकांत ५२ धावा झाल्या असतील आणि आपण ५२ ला ६.३ ने भागले, तर धावगती सुमारे ८.२५ येईल आणि ती चुकीची ठरेल. तीन चेंडू म्हणजे अर्धे षटक, म्हणून आधी ६.३ चे ६.५ करून घ्यायचे आणि मग भागायचे. धावगती बरोबर ८ येते.