सतराचा पाढा म्हणत पळा : हाफ मॅरेथॉनच्या तयारीबद्दल तुमचे प्रश्न

जुलै लागला की या सदरासाठी पत्रांचा ओघ वाढतो. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) तोंडावर आलेली असते आणि मुंबईची जानेवारीतली हाफ लांब असली तरी डोक्यात घोळायला लागलेली असते. या वेळचे बहुतेक प्रश्न नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यातून चार दिवस पळणाऱ्यांचे आहेत. त्यांना बक्षीस नकोय. मागच्या वेळेपेक्षा पाच-सात मिनिटं लवकर पोहोचायचंय आणि न लंगडता घरी यायचंय. गेली बरीच वर्षं मी अशाच मंडळींना टेकडीवर आणि रस्त्यावर पळवते आहे, म्हणून ही उत्तरं त्यांच्याच आठवड्यात बसतील अशी दिली आहेत.

नाशिकहून बँकेत नोकरी करणारे वाचक, वय ४३ : ताई, दोन हाफ झाल्या. पहिली २:२४, दुसरी २:२२. आठवड्यातून चार दिवस पळतो, रविवारी १५-१६ किमी. सगळे रन ६:३० च्या पेसने (किलोमीटरला साडेसहा मिनिटं) करतो, कधी त्याहूनही फास्ट. मेहनतीत कमी पडत नाही, तरी वेळ हलत नाही. जानेवारीत मुंबईला २:१० करायचंय. इंटरव्हल वाढवू का?

इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत अगदी जोरात पळायचे छोटे तुकडे, आत्ता नकोत. आधी एक हिशेब बघा. २:२२ म्हणजे किलोमीटरला साधारण ६:४४. रेसमध्ये तुम्ही ज्या वेगाने पळालात, त्याहून जास्त वेगाने तुम्ही रोज सकाळी पळताय! अशा आठवड्यात शरीर भरून यायला एकही दिवस मिळत नाही, आणि रविवारी थकलेलेच पाय पुन्हा रस्त्यावर उतरतात. तुमची मेहनत खरी आहे, फक्त ती चुकीच्या ठिकाणी खर्च होते आहे.

सावकाश पळताना आत बरंच काही घडत असतं. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, आणि शरीर साखर राखून चरबी जाळायला शिकतं. हाफमध्ये १६ किमीनंतर तुम्हाला जे कमी पडतं ते नेमकं हेच. त्यासाठी महिनोन् महिने, खूप तास पळावं लागतं, आणि इतके तास फक्त सोप्या वेगानेच जमतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड पीटर स्नेलला आठवड्याला १०० मैल पळवत. स्नेल धावायचा ८०० मीटर, म्हणजे पावणेदोन मिनिटांची शर्यत, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने त्यात सुवर्ण जिंकलं. पुढे स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंची वेळापत्रकं तपासली, तेव्हा त्यांच्या दर पाच सरावांपैकी साधारण चार सोपे निघाले. त्यांचे किलोमीटर आपल्याला झेपणार नाहीत, पण हे प्रमाण आपण नक्की उचलू शकतो.

सोपा वेग तोंडाने ठरवा. पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट’ एवढं एका दमात निघालं तर वेग बरोबर आहे. ‘सतरा दुणे’ आणि ‘चौतीस’ यांच्यामध्येच श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. माझ्या अंदाजाने तुमचा हा वेग ७:४० ते ८:१० च्या आसपास निघेल. पहिले तीन आठवडे फार जड जातील, कारण गंगापूर रोडवर ओळखीची माणसं तुम्हाला मागे टाकून जातील. जाऊ द्या.

मंगळवार आणि शनिवार ६ ते ८ किमी, पाढ्याच्या वेगाने. रविवारचा लाँग रनही त्याच वेगाने, हळूहळू १८ पर्यंत. जोर लावायचा तो फक्त गुरुवारी: १५ मिनिटं हलकं पळून अंग तापवा, मग ८ मिनिटं अशा वेगाने पळा की तीन-चार शब्दच बोलता येतील. तुमच्यासाठी तो ६:२५ च्या जवळपास येईल. दोन मिनिटं जॉग, असं तीनदा. सप्टेंबरपासून ८ ची १० मिनिटं करा, नोव्हेंबरात १५-१५ चे दोन तुकडे.

आणि २:१० चं आत्ताच ठरवू नका. डिसेंबरच्या मध्यावर १० किमी पूर्ण जोराने पळा आणि त्या वेळेला २.२ ने गुणा. पीट रीगल या अमेरिकन अभियंत्याच्या १९७७ च्या सूत्रातून साधारण हाच गुणक निघतो. १० किमीला ५९ मिनिटं लागली तर २:१० आवाक्यात आहे. ६२ लागली तर २:१६ धरून निघा आणि पेडर रोडच्या चढावर कोणाशीही स्पर्धा करू नका. २:२२ वरून २:१६ ही सहा महिन्यांची उत्तम कमाई आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सांगलीहून शिक्षिका, वय ३६ : आठवड्याला २५ किमी होतात, लाँग रन १२ चा. ऑक्टोबरात पहिली हाफ आहे, १४ आठवडे उरलेत. ग्रुपमधले म्हणतात, या रविवारी आमच्याबरोबर १८ ला चल, आपोआप होईल. आठवड्याला दहा टक्केच वाढवायचे असंही ऐकलंय. कोणाचं ऐकू?

१८ ला जाऊ नका, हे पहिलं.

दहा टक्क्यांचा नियम सगळे सांगतात, पण तो जसा सांगितला जातो तसा टिकत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला ५३२ नव्या धावपटूंवर एक प्रयोग झाला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला १३ आठवडे सावकाश वाढवत नेलं, दुसऱ्याला ८ आठवड्यांत. दुखापती दोन्हीकडे जवळपास सारख्याच, पाचांत एक. मग २०२५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये ५,२०० धावपटूंचा अभ्यास आला, आणि मला वाटतं खरी गोम तिथे सापडली. आठवड्याची बेरीज किती वाढली यापेक्षा, एखादा रन मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब रनपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त लांबला की दुखापतीचा धोका वाढत होता. तुम्ही १२ वरून १८ वर जाणार. म्हणजे एकाच सकाळी पन्नास टक्के!

दम लवकर वाढतो, म्हणून त्या दिवशी तुम्हाला १८ जमूनही जातील. पण घोट्यामागची शीर, तळपाय आणि नडगीचं हाड दमाच्या कितीतरी मागून तयार होतात. ग्रुपच्या आग्रहात ही गोष्ट कोणी धरत नाही.

रविवार असे लावा: १२, १३, १४, मग ११ वर उतरून विश्रांती. १५, १६, पुन्हा १३. १७, १८, १४, आणि परत एक १८. त्यानंतर १५, १०, आणि मग रेस. उतरलेले आठवडे गाळू नका, अंग बांधलं जातं ते तेव्हाच. ग्रुपची सोबत सोडायची गरज नाही, त्यांच्याबरोबर निघा आणि त्या रविवारच्या निम्म्या अंतरावर परत फिरा. आठवड्यातून दोनदा जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा, बारा-बारा वेळा, तीनदा. जमायला लागलं की एका पायावर. दीड तासापुढच्या रनला खिशात केळं किंवा चार-पाच खजूर ठेवा, भूक लागायची वाट न बघता तासाभराने खा. रेसच्या दिवशी जे खाणार तेच आत्ता खाऊन बघा, पोट कसं वागतं ते कळेल.

पुण्याहून एक वाचक, वय ३१ : कार्बन प्लेटचे (तळव्यात कडक कार्बनची पट्टी असलेले) शूज घेतले तर वेळ किती कमी होईल?

आठवड्याला २० किमी पळताय, असं तुम्हीच लिहिलंय. आत्ता घेऊ नका. पायात घातल्याघातल्या आरामात वाटणारा साधा जोड घ्या, ६००-८०० किमीला बदला. उरलेल्या पैशांत वर्षभराच्या रेसची फी निघेल.

कोल्हापूरहून एक वाचक, वय ३८ : सातारा हिल दुसऱ्यांदा करतोय. मागच्या वर्षी घाट पळतच चढलो, पण परतीला मांड्या गेल्या आणि दोन दिवस जिना उतरता आला नाही. या वेळी चढावर चालू का? की चढाचा सराव वाढवू?

चढाबरोबर उताराचाही सराव करा. तो जवळजवळ कोणीच करत नाही.

साताऱ्याचा मार्ग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागतो आणि वळून त्याच वाटेने खाली येतो. चढाची धाप सगळ्यांच्या लक्षात राहते, पण पाय उतारावर जातात. उतारावर पाऊल टेकतं तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच सगळं वजन पेलतो. ब्रेक दाबून धरलेली गाडी घाट उतरते तसं. स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना दिसला की डोळ्यांत पाणी येतं. यात चांगली गोष्ट अशी, की उतारावर बेताने एकदा पळालं तरी स्नायू तो धडा पुढचे काही आठवडे लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तेवढा दुखावत नाही.

पन्हाळा आणि जोतिबा तुमच्या दाराशी आहेत. दर पंधरा दिवसांनी एक रविवार तिथे घालवा. पहिल्या वेळी २ किमीच उतरा, तेही सोप्या वेगाने, मग ३, ४ आणि ६. शेवटचा घाट रेसच्या अडीच-तीन आठवडे आधी संपला पाहिजे. उतरताना पावलं छोटी आणि भरभर टाका. धड मागे रेलू नका, तसं केलं की टाच आपटते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. हात थोडे फाकवा, तोल राहतो.

चढावर चालायला माझी अजिबात हरकत नाही. पाढा तुटला की चाला, चाळीस पावलं टाका, पुन्हा पळा. घड्याळातला पेस घाटात बघूच नका. मागच्या वर्षी तुम्ही वळणापर्यंत जी मिनिटं मिळवलीत, ती शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये दुपटीने गेली असणार. आणखी एक: पाऊस असला तर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नका. ओला रंग फार निसरडा असतो, आणि उताराच्या वळणावर तो नेमका पायाखाली येतो.

ठाण्याहून वाचक, वय ४० : पाऊस थांबला की एवढं दमट होतं की त्याच वेगाला हार्ट रेट १५ ने जास्त दिसतो. फिटनेस कमी झाला का? पाणी किती प्यायचं?

फिटनेस कुठे गेलेला नाही. घाम सुकला तर अंग थंड होतं. दमट हवेत तो नुसता गळतो. मग त्वचेकडे जास्त रक्त धाडावं लागतं, आणि पायांनाही तेवढंच हवं असतं, म्हणून हृदय जोरात चालतं. पेस सोडा, दम बघून पळा. रोज थोडं पळत राहिलात तर दहा-चौदा दिवसांत शरीर बरंच सरावतं.

पाणी तहानेप्रमाणे प्या, जबरदस्तीने नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर कमी झालेलं होतं. धावताना पाणी पिऊन पिऊन ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांच्यात हे जास्त आढळलं. तासाच्या पुढच्या रनला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा. घरी आल्यावर वजन आधीपेक्षा जास्त भरलं तर तुम्ही नको तेवढं प्यायलात.

छत्रपती संभाजीनगरहून वाचक, वय २९ : नडगी दुखते, पळायला लागलो की थोडी कमी होते. पळत राहू का?

नडगीच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. दुखणं वीतभर पसरलेलं असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल तर किलोमीटर निम्मे करा, डांबराऐवजी मैदानावर पळा, वर सांगितलेला टाचांचा व्यायाम सुरू करा. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल तर पळणं आजच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक चीर असेल तर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती बरेचदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर विसंबू नका.

रत्नागिरीहून वाचक, वय ४५ : दोन वर्षं व्यवस्थित पळत होते. तीन महिन्यांपासून सोप्या रनलाही धाप लागते, पाय शिशाचे वाटतात. पाळी अलीकडे खूप जाते. घरचे म्हणतात वय झालं, पळणं सोड.

ताई, वयाने असं तीन महिन्यांत होत नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन्ही तपासण्या करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिकामा असू शकतो, आणि पळणाऱ्या बायकांमध्ये हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. माझ्या बाबतीतही हेच झालं होतं. एक अख्खा हंगाम मी ‘मन लागत नाही’ म्हणून स्वतःला दोष देत पळत राहिले, आणि शेवटी तो दोष रक्ताच्या रिपोर्टवरच्या एका आकड्यात सापडला.

गोळ्या मनाने सुरू करू नका, लोह जास्त झालं तरी बाधतं. पाळीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी नीट बोला, आणि धाप लागते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. छातीत दुखलं किंवा पळताना चक्कर आली तर रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. तोवर जेवणाबरोबरचा चहा बंद, तो लोह अंगी लागू देत नाही. डाळ-उसळीवर लिंबू पिळा, त्याने मदत होते. पळण्याऐवजी रोज अर्धा तास समुद्राकाठी चाला. रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा. डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा, मग पुढचे आठ आठवडे कसे लावायचे ते आपण ठरवू.